शेवटच्या पानापर्यंत

एप्रिल २०१६. मी लातूरला सासरी महिनाभर मुक्कामाला होते. सासऱ्यांचं ऑपरेशन झालेलं, घरात हाताशी माणूस हवं होतं, म्हणून पुण्याहून लॅपटॉप उचलून आले होते. त्या उन्हाळ्यात लातूर देशभरच्या बातम्यांत होतं. धनेगावचं मांजरा धरण आटलेलं, पाणवठ्यांपाशी जमावबंदी लागलेली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे शहरात आली.

त्याच आठवड्यात एका ग्राहकाची तक्रार माझ्याकडे आली. आमची कंपनी एक डीबगर बनवत होती. डीबगर म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला चालता चालता थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारं साधन. ग्राहकाच्या प्रोग्रॅममध्ये दहा थ्रेड होते. एकाच घरात दहा माणसांची दहा कामं एकाच वेळी चालावीत, तसे. त्यांतले आठ थ्रेड एका फंक्शनमधून सतत ये-जा करत, आणि तिथं ग्राहकानं अटीचा ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबा, लावला होता: अमुक आकडा शंभरावर गेला तरच थांब. मग त्यानं थ्रेड २ वर जाऊन 'पुढची ओळ' अशी आज्ञा दिली. डीबगर गप्प. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पुढची ओळ काही आली नाही.

दोष मी लिहिलेल्या कोडमध्ये होता. तो समजायला आणि काढायला तीन आठवडे गेले. संगणकाच्या पुस्तकांत या रोगाला स्टार्व्हेशन म्हणतात, म्हणजे उपासमार. पण उपासमार घरात दाणा नसला तरी होते. इथं अन्न होतं, वाढपी होता, पान मांडलेलं होतं, आणि तरी एका पानावर काही पडत नव्हतं. आपल्याकडे याला फार जुना आणि नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत वाढताना केलेला दुजाभाव.

त्या तीन आठवड्यांत आणि पुढच्या वर्षांत जे शिकले, ते इथं क्रमानं मांडते आहे. नांदेड-लातूरच्या कॉलेजांतून दरवर्षी शेकडो मुलंमुली कोड लिहायला बाहेर पडतात. त्यांच्यातल्या एकाचे जरी तीन आठवडे वाचले तरी या लिहिण्याचं सार्थक होईल.

१. 'अडकलं' म्हणण्याआधी कोण चालू आहे ते बघा

तक्रारीत शब्द होता, 'हँग झाला'. मीही तो शब्द खरा धरला आणि दोन दिवस लॉक तपासत बसले. दोन थ्रेड एकमेकांची वाट बघत कुठं अडलेत का? काही सापडेना. तिसऱ्या रात्री प्रोसेसरचा वापर पाहिला. खरोखर अडकलेला प्रोग्रॅम निपचित पडलेला असतो. आमचा डीबगर तर एक अख्खा कोअर वापरत होता. तो कामात बुडालेला होता, फक्त आपण सांगितलेलं काम त्याच्या हातून होत नव्हतं.

मग प्रत्येक इव्हेंटची नोंद करणारा लॉग चालू केला. पडद्यावर ओळी धावू लागल्या. थ्रेड ९, ब्रेकपॉइंट, अट खोटी, सोडला. थ्रेड १०, ब्रेकपॉइंट, अट खोटी, सोडला. थ्रेड ९. थ्रेड ८. थ्रेड १०. थ्रेड ९. हजारो ओळींत मी थ्रेड २ शोधला. तो दोनदाच सापडला: जन्माला आला तेव्हा, आणि त्याला 'पुढची ओळ' सांगितली तेव्हा. लिनक्समध्ये प्रत्येक थ्रेडची अवस्था प्रॉक फोल्डरमध्ये वाचता येते. तिथं थ्रेड २ पुढे छोटा 'टी' होता. त्याचा अर्थ, हा थ्रेड डीबगरसाठी थांबला आहे. बिचाऱ्यानं ओळ केव्हाच ओलांडली होती आणि तो दाराशी येऊन उभा होता. आम्ही त्याला आत घेत नव्हतो.

१९६५ मध्ये डाइकस्ट्रा यांनी मांडलेला, पुढे जेवायला बसलेल्या पाच तत्त्वज्ञांचा म्हणून ओळखला जाऊ लागलेला प्रश्न नांदेडच्या विष्णुपुरीतल्या आमच्या कॉलेजात तोंडी परीक्षेला हमखास विचारला जायचा. कोंडी आणि उपासमार यांतला फरक तेव्हा मी घडाघडा सांगितला होता. तो फरक डोळ्यांनी पाहिला लातूरच्या त्या रात्री. कोंडीत कुणीच जेवत नाही. उपासमारीत काही जण पोटभर जेवत असतात, म्हणून तर ती लवकर लक्षात येत नाही.

२. 'कोणीही एक' मागितला की पुढचाच मिळतो

लिनक्सवर डीबगर दुसऱ्या प्रोग्रॅमला पीट्रेस नावाच्या सिस्टिम कॉलनं धरून ठेवतो. एखादा थ्रेड ब्रेकपॉइंटवर आला, की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला थांबवतो. मग डीबगर वेटपिड या दुसऱ्या कॉलनं विचारतो, 'कोण थांबलंय?' या कॉलला उणे एक हा आकडा दिला, की त्याचा अर्थ होतो 'माझ्या ताब्यातला कोणीही चालेल'.

माझा कोड अगदी सरळ होता. विचार, जो मिळेल त्याचं काम कर, त्याला सोड, पुन्हा विचार. यात मला कुठं अन्याय दिसला नव्हता. पण कर्नल कोणीही एक शोधतो म्हणजे काय करतो? तो त्याच्या यादीच्या एका टोकापासून बघत जातो आणि थांबलेला पहिला थ्रेड दिसला की तोच हातात ठेवतो. पुढच्या वेळी पुन्हा त्याच टोकापासून. अट तपासून थ्रेड ९ ला सोडायला आम्हाला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात थ्रेड १० पुन्हा ब्रेकपॉइंटवर हजर. त्याला सोडेपर्यंत ९ आलेला. त्या यादीत नंतर जन्मलेले थ्रेड पुढं होते आणि जुना थ्रेड २ शेपटाला. तिथवर कर्नलची नजर जातच नव्हती.

आमचं शेत अर्धापूर तालुक्यात, चारीच्या टोकाला. इसापूर धरणाचं आवर्तन सुटलं, की वरच्या अंगाची केळी आधी भिजते आणि टेलच्या शेतकऱ्याकडे ओल पोचेपर्यंत पाळी संपायला येते. वरचे शेतकरी काही वाईट नसतात. पाणी वरून खाली येतं, दार समोर असतं, ते उघडतात. म्हणून तर शेजपाळीत शेवटाकडून वर पाणी देत यायचा रिवाज आहे. उताराला त्याच्या मर्जीवर सोडलं तर टोक कोरडं राहणार, हे आपल्या जुन्या माणसांनी ओळखलं होतं.

कर्नलचा यात दोष नाही. क्रमाचं वचन त्यानं कधी दिलेलं नव्हतं. ते मी मनानंच गृहीत धरलं होतं.

३. आधी पंगत बसू द्या, मग वाढायला घ्या

नांदेडला शिकत असताना आम्ही मैत्रिणी हजूर साहिबच्या लंगरात जायचो. तिथं माणसं जमिनीवर रांगेनं बसतात, प्रत्येकापुढं ताट येतं, आणि मग सेवादार वरण-पोळी घेऊन रांगेतून फिरतात. कोण कोण बसलंय हे वाढणाऱ्याला एका नजरेत दिसतं.

माझ्या कोडमध्ये पंगतच नव्हती. जो दारात दिसेल त्याच्या हातात पोळी, असा प्रकार होता. म्हणून पहिला बदल केला तो हा: एक इव्हेंट मिळाल्याबरोबर त्याचं काम सुरू करायचं नाही. 'कोणी नसेल तर माझ्यासाठी थांबू नकोस' असा पर्याय देऊन वेटपिडला पुन्हा पुन्हा विचारायचं, जो जो थांबलेला मिळेल त्याचा निरोप त्याच्या नावापुढं टिपून ठेवायचा, आणि आता कोणी उरलं नाही असं उत्तर येईपर्यंत हे चालू ठेवायचं.

हे कधी संपणारच नाही, अशी भीती मला होती. ती खोटी ठरली. ज्याचा निरोप टिपला तो थ्रेड आपण सोडेपर्यंत थांबलेलाच राहतो, त्यामुळं त्याच्याकडून दुसरा निरोप येऊ शकत नाही. दहा थ्रेड असतील तर जास्तीत जास्त दहा निरोप. पंगत केवढीही असो, तिला शेवटचं पान असतंच.

४. निवडायचं तर ईश्वरचिठ्ठीनं

आता दहा जण समोर बसलेत. पहिलं कोणाचं काम करायचं? मी आधी पाळी लावली: शेवटी ज्याला घेतलं त्याच्या पुढचा. कागदावर हे उत्तम दिसतं. पण ग्राहकाच्या दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये थ्रेड सतत जन्मत आणि मरत होते. ज्याच्यावर मी बोट ठेवलेलं असे तोच मेलेला निघे, आणि माझा कोड मुकाट्यानं यादीच्या सुरुवातीला परत जाई. पुन्हा तोच पंक्तिप्रपंच, फक्त अधूनमधून.

तेव्हा मी जीडीबीचा कोड उघडला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेला हा डीबगर मुक्त आहे. त्याची प्रत्येक ओळ, आणि ती का बदलली याची टीपसुद्धा, कुणालाही वाचता येते. एक थांबला की सगळ्या थ्रेडना थांबवायचं, या जुन्या रीतीत जीडीबी थांबलेल्यांतून चिठ्ठी टाकून एकाची निवड आधीपासून करत होता. २००९ च्या ७.० आवृत्तीपासून त्यात नॉन-स्टॉप रीत आली. तिच्यात एक थ्रेड थांबला तरी बाकीचे चालत राहतात. या रीतीत मात्र वेटपिड जो देईल तोच पुढं जात होता. २०१५ च्या जानेवारीत पेड्रो आल्व्हेस यांनी ती उणीव भरून काढली. बदलाची टीप त्यांनी इतकी स्वच्छ लिहिली आहे, की माझाच रोग कुणीतरी आधी तपासून कागदावर उतरवून ठेवलाय असं वाटलं. यादीच्या शेपटाचे थ्रेड उपाशी राहतात, हे त्यात स्पष्ट होतं.

चिठ्ठीची रीत सोपी आहे. निरोप घेऊन बसलेले किती ते मोजायचं, तेवढ्यातला एक आकडा यादृच्छिक काढायचा, तो थ्रेड घ्यायचा. ग्रामपंचायतीला समान मतं पडली की लहान मुलाच्या हातून ईश्वरचिठ्ठी काढतात, तेच हे. आधीचं काही लक्षात ठेवावं लागत नाही, त्यामुळं कोणी जन्मलं-मेलं तरी बिघडत नाही.

नशिबावर सोडलं तर एखादा तसाच राहून जाणार नाही का, असं आमच्या टीममधल्या एकानं विचारलं. हिशेब करून पाहिला. दहा जण नेहमीच वाट बघत असतील, तर एका फेरीत आपला नंबर न लागण्याची शक्यता दहात नऊ. सलग पन्नास फेऱ्या न लागण्याची हजारात पाच. शंभर फेऱ्यांची लाखात तीनहून कमी. आणि डीबगर एका सेकंदात शेकडो फेऱ्या करतो. एक पथ्य मात्र पाळा: चिठ्ठ्यांचं बीज, म्हणजे ज्या आकड्यापासून यादृच्छिक क्रम सुरू होतो तो, लॉगच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा. चूक पुन्हा घडवून पाहायची तर तोच क्रम पुन्हा लागतो.

५. ज्याचा नंबर लागला नाही त्याची घागर हलवू नका

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर यायच्या कितीतरी आधी रांग लागायची, पण माणसांची नाही, घागरींची. प्लास्टिकची निळी घागर, हंडा, पेंटचा रिकामा डबा, ज्याचं जे असेल ते. माणूस आपलं भांडं ठेवून कामाला जायचा. भांडं म्हणजे त्याचा नंबर. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पहाटे घागर ठेवून यायच्या आणि मला सांगायच्या, "रांगेकडं जाऊन ये गं जरा, घागर तिथंच हाय का बघ. कोणी सरकवली तर दिवस गेला."

माझ्या दुसऱ्या आवृत्तीत मी घागरीच फेकून देत होते. चिठ्ठीत एकाचं नाव निघालं, की बाकीच्यांचे निरोप पुसून त्यांना पुन्हा चालू करत होते. माझं म्हणणं असं, की ब्रेकपॉइंट जागच्या जागी आहे, थ्रेड परत त्याच ओळीवर येऊन थांबेल. ब्रेकपॉइंटपुरतं हे खरं आहे. पण सगळे निरोप ब्रेकपॉइंटचे नसतात. एखाद्या थ्रेडला सिग्नल आलेला असतो. तो आपण एकदा हातात घेऊन टाकून दिला, की गेला. एखादा वॉचपॉइंट असतो, म्हणजे स्मृतीतल्या एका जागेवर ठेवलेला पहारा. इंटेलच्या प्रोसेसरवर त्याची वर्दी ती जागा बदलून झाल्यावर येते. वर्दी पुसली आणि थ्रेड पुढं सोडला, तर तो बदल पुन्हा होणार नाही आणि वर्दीही पुन्हा येणार नाही.

आमची एक टेस्ट दहांतून एकदा सिग्नल हरवायची, ती यामुळं. निरोप जपून ठेवायला लागल्यावर ते थांबलं. ज्याची चिठ्ठी निघाली नाही त्याचा निरोप त्याच्या नावावर तसाच राहतो, आणि पुढच्या फेरीत कर्नलला विचारण्याआधी आपण स्वतःकडे आधीचं काही शिल्लक आहे का ते पाहतो.

६. जपून ठेवलेला निरोप देण्याआधी तो अजून खरा आहे का ते तपासा

जपणुकीतून नवी अडचण आली. थ्रेड ५ ब्रेकपॉइंटवर थांबला, निरोप टिपला, नंबर लागला नाही. मधल्या वेळात वापरणाऱ्यानं तो ब्रेकपॉइंटच काढून टाकला. मग थ्रेड ५ ची चिठ्ठी निघाली आणि डीबगर सांगू लागला, 'ब्रेकपॉइंटवर थांबलो'. कोणत्या? जो आता नाहीच, तो.

इथं जरा खोलात जाते, कारण इथंच बहुतेकांचा पाय घसरतो. इंटेलच्या प्रोसेसरवर ब्रेकपॉइंट म्हणजे मूळ सूचनेच्या पहिल्या बाइटच्या जागी ठेवलेली एका बाइटची सूचना. ती चालली की प्रोसेसरचा पत्ता एक बाइट पुढं गेलेला असतो. डीबगरनं तो एक पाऊल मागं घ्यायचा असतो. हे मागं घेणं मी नंबर लागेपर्यंत लांबवत होते. मधे ब्रेकपॉइंट काढला गेला, मूळ बाइट जागेवर आला, आणि निरोप रद्द करून थ्रेड सोडला तर तो सूचनेच्या मधल्या बाइटपासून चालू लागायचा आणि कोसळायचा.

म्हणून क्रम असा ठरवला. निरोप टिपतानाच पत्ता एक पाऊल मागं घ्यायचा आणि तो लिहून ठेवायचा. नंबर लागला की दोन गोष्टी बघायच्या: थ्रेड अजून त्याच पत्त्यावर आहे का, आणि तिथं ब्रेकपॉइंट अजून आहे का. दोन्हींपैकी एकाचं जरी उत्तर 'नाही' आलं, तर निरोप सोडून द्यायचा आणि थ्रेडला पुढं जाऊ द्यायचं. तो मूळ सूचनेच्या सुरुवातीला उभा आहे, त्यामुळं त्याचं काही बिघडत नाही. जीडीबीतही हीच तपासणी आहे.

७. एका दारावर न्याय करून भागत नाही

इतकं करूनही थ्रेड २ मंदच होता. उपाशी नव्हता, पण त्याच्या वाट्याला फार उशिरा येत होतं. शोधताना दुसरं दार सापडलं.

ब्रेकपॉइंटवर उभ्या असलेल्या थ्रेडला पुढं सोडायचं तर काय करावं लागतं? ब्रेकपॉइंट काढायचा, त्या एकाच थ्रेडला एक सूचना चालू द्यायची, ब्रेकपॉइंट परत लावायचा. तेवढा वेळ बाकीच्यांना थांबवून ठेवावं लागतं, नाहीतर कोणी तरी उघड्या फाटकातून निसटून जाईल. म्हणजे इथंही रांग आली. आणि ही रांग मी लिहिताना नवीन थ्रेड पुढं जोडत होते, कारण पुढं जोडणं एका ओळीत होतं. चिठ्ठी निष्पक्ष, पण तिच्या मागच्या खोलीत शेवटी आलेला पहिला. मागं जोडायला आणखी दोन ओळी लागल्या.

शक्य असेल तिथं ही रांगच टाळता येते. मूळ सूचनेची नक्कल दुसऱ्या मोकळ्या जागी ठेवून थ्रेडला ती तिथं चालवायला लावायची. मग ब्रेकपॉइंट काढावा लागत नाही आणि इतरांना थांबवावंही लागत नाही. पण सगळ्या सूचनांना हे जमत नाही, म्हणून रांग ठेवावीच लागते. जिथं जिथं एकाहून जास्त जण थांबू शकतात, अशा सगळ्या जागांची मी तेव्हा कागदावर यादी केली. पाच निघाल्या. पाचही तपासल्या.

८. सवलत द्या, पण तिचं कारण लिहून ठेवा

सगळ्यांना थांबवणाऱ्या रीतीत, वापरणारा ज्या थ्रेडला एकेक पाऊल चालवतोय त्याला जीडीबी चिठ्ठीआधी पुढं घेतो. हा अन्याय नाही. माणूस त्या थ्रेडकडे बघत बसलेला असतो, आणि त्याचं पाऊल आधी पूर्ण झालं की पुढची गुंतागुंत कमी होते. नॉन-स्टॉप रीतीत हे कारण उरत नाही, कारण एकाच वेळी अनेकांना पावलं टाकायला सांगितलेलं असू शकतं. तिथं सवलत नाही.

टँकरच्या रांगेत बाळंतिणीच्या घरचा हंडा पुढं घेतला तर कोणी तक्रार करत नव्हतं. कारण सगळ्यांना माहीत होतं. कोडमध्येही तेच करा. सवलतीच्या ओळीवर कारण लिहा आणि ती कधी लागू नाही हेही लिहा. कारण न लिहिलेली सवलत चार वर्षांनी नियम होऊन बसते.

९. सरासरी विचारू नका, टोकाला जाऊन बघा

आमच्याकडे टेस्ट होत्या. त्या सेकंदाला किती इव्हेंट हाताळले ते मोजायच्या, आणि आकडा नेहमी चांगला यायचा. थ्रेड २ उपाशी होता तेव्हाही चांगला होता. उलट थोडा जास्तच, कारण दोघातिघांनाच वाढत राहणं सगळ्यांना वाढण्यापेक्षा सोपं असतं.

ही दुरुस्ती चालू असताना एका रविवारी मी गावी गेले होते. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, विचारलं, "रात रात जागून काय करायलीस गं एवढं?" मी पानावर चारी काढली, दारं काढली, आणि प्रत्येक दारापाशी एकेक थ्रेड बसवून सांगितलं. ते बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी पाटकऱ्याचंच काम हाय की हे." आणि थोड्या वेळानं, "टोकाला पाणी पोचलं का, ते बघून कोण येणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या एकाही टेस्टमध्ये टोकाला जाऊन बघणारं कोणी नव्हतं.

लातूरला परतल्यावर नवी टेस्ट लिहिली. दहा थ्रेड, सगळे एकाच ब्रेकपॉइंटवरून अखंड फिरणारे. प्रत्येकाची स्वतंत्र मोजणी. टेस्ट एकूण बेरीज बघत नाही. सगळ्यांत कमी मोजणी कोणाची ते बघते. आळीपाळीनं प्रत्येक थ्रेडला एक पाऊल टाकायला सांगते आणि ते ठरलेल्या वेळात पूर्ण झालं नाही तर नापास होते. जीडीबीतही नॉन-स्टॉप-फेअर-इव्हेंट्स नावाची एक टेस्ट याच कामासाठी ठेवलेली आहे. माझी टेस्ट जुन्या कोडवर चालवली, तर पहिल्याच फेरीत नापास झाली. नव्या कोडवर पास झाली. टेस्टवर विश्वास ठेवायचा तर ती आधी नापास झालेली पाहायला हवी, हेही त्याच दिवशी कळलं.

मग ग्राहकाचा मूळ प्रोग्रॅम लावला, थ्रेड २ वर गेले, 'पुढची ओळ' दिली. लॉगमध्ये ओळी धावत होत्या. थ्रेड ९. थ्रेड ४. थ्रेड ७. थ्रेड २, पाऊल पूर्ण. डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

१०. मुलांना हे आपल्या शब्दांत सांगा

आता मी वर्षातून दोनदा लातूर-नांदेडच्या मुलांना हा विषय शिकवते. लातूर पॅटर्ननं पाठांतराची शिस्त दिलेली असते. व्याख्या विचारली तर स्टार्व्हेशनची व्याख्या अचूक येते. पण 'तुमच्या कोडमध्ये ते कुठं होईल?' असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मग मी दहा मुलांना रांगेत बसवते, एकाच्या हाती शेंगदाण्यांची वाटी देते आणि सांगते: वाढ, पण प्रत्येक दाणा दिल्यावर परत पहिल्यापासून बघत ये, जो हात पुढं करेल त्याला दे. पुढची तिघं खातात, पुन्हा हात पुढं करतात. दोन मिनिटांत शेवटचा मुलगा ओरडतो. वर्ग हसतो, आणि हसता हसता कळतं.

त्यानंतर जीडीबीचा कोड उघडायला सांगते. यासाठी ना पुणं लागतं, ना मोठी कंपनी. विष्णुपुरीच्या होस्टेलवरच्या जुन्या संगणकावरही तो चालतो, वाचता येतो, मोडून परत जोडता येतो. ज्यांनी ही टेस्ट स्वतः लिहिली आणि आधी नापास होताना पाहिली, ती मुलं हा धडा विसरत नाहीत.

मागच्या खेपेला लातूरच्या एका मुलीनं तिचा कोड दाखवला. रांग होती, चिठ्ठी होती, निरोप जपलेले होते, जुने निरोप तपासलेले होते. मी छान म्हणणार, तेवढ्यात तिनंच विचारलं, "मॅडम, शेवटच्यापर्यंत पोचतंय हे मी कसं बघू?"

मी अण्णांचा तो कागद पाकिटात ठेवते. तो काढून तिच्यापुढं ठेवला, आणि आम्ही दोघी मोजणी लिहायला बसलो.